टोटलमध्ये ‘नान’ आलं तिथनं सुरुवात: जावास्क्रिप्ट डिबगिंगच्या टूल्सचा माझा अनुभव

मार्च संपत आलेला, पेट्या वाशीला जायला लागलेल्या, आणि जामसंड्यातल्या ज्या काकांची हापूसची साईट मी केलीय त्यांचा सकाळी सातला फोन. “बाबू, टोटलेत नान दिसता. मी आंबे इकतंय, हाटेल नाय चालवतंय.”

डोळे चोळत लॅपटॉप उघडला, साईटवर गेलो, १० डझन टाकले, टोटल बरोबर. परत टाकले, परत बरोबर. काकांना म्हटलं पान रिफ्रेश करून बघा, तर म्हणाले चार वेळा केलंय, नान काय जात नाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जावास्क्रिप्टला (साईटचं पान हलतं-बोलतं करणारी प्रोग्रामिंगची भाषा) एखाद्या हिशोबातनं आकडा काढता आला नाही की ती ‘नॉट अ नंबर’ म्हणून मोकळी होते आणि स्क्रीनवर त्याची एन ए एन ही तीन इंग्रजी अक्षरं उमटतात, काकांनी ती सरळ जोडून वाचली. यातली खरी डोकेदुखी ही की जावास्क्रिप्ट याला एरर मानतच नाही. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या निरोपांच्या खिडकीत, लाल ओळ नाही, पान बंद पडत नाही, काही नाही, आणि एकदा एका आकड्याचं नान झालं की त्यात काहीही मिळवा नाहीतर गुणा, ते नानच राहतं. वर त्याचा टाइप, म्हणजे प्रकार, विचारलात तर उत्तर येतं ‘नंबर’. म्हणजे घरात चोर शिरलाय आणि कुत्रा शेपूट हलवतोय.

त्या आठवड्यात आणि पुढच्या वर्षभरात डिबगिंगची, म्हणजे कोडमधल्या चुका (बग) शोधायची, जी जी टूल्स हाताळली त्यांच्याबद्दल लिहितोय. मी काही कुठल्या मोठ्या कंपनीत नाही, देवगडात घरी बसून होमस्टेवाले, आंबेवाले आणि दोन बोटिंगवाले यांच्या साईट सांभाळतो, लॅपटॉप ८ जीबीचा आहे, पावसात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा माझं मत त्या हिशोबानंच घ्या.

सगळ्यात आधी आपलं लाडकं कन्सोल डॉट लॉग, म्हणजे कोडमधनं कन्सोलवर ओळ छापायची आज्ञा. खोटं कशाला बोलू, सहा वर्षं मी फक्त त्याच्यावर काढली. ‘इथे आलो’, ‘इथे आलो २’, ‘च्यायला इथे पण आलो’ अशा ओळी कोडभर पेरायच्या आणि मग काढायला विसरायचं. एकदा एका होमस्टेच्या लाईव्ह साईटवर ते तसंच राहिलं आणि पुण्याहून आलेला एक गेस्ट, तो निघाला आयटीतला, त्यानं चेकआउटच्या वेळी होमस्टेवाल्या वहिनींना हसत हसत सांगितलं. लॉग वाईट नाही हो, यादी असेल तर कन्सोल डॉट टेबल वापरा, सगळं रकान्यात मांडून देतं, आणि कन्सोल डॉट ट्रेस टाकलंत तर या ओळीपर्यंत आपण कुठल्या वाटेनं आलो तेही कळतं. पण एक फसवणूक आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. तुम्ही अख्खं ऑब्जेक्ट (माहितीचं गाठोडं) लॉग केलंत आणि नंतर त्याच्या बाजूचा बाण दाबून उघडलंत, तर आत दिसतं ते लॉग केलं त्या क्षणाचं नाही, उघडलं त्या क्षणाचं. मध्ये कोणी कार्ट बदललं असेल तर बदललेलं दिसणार आणि तुम्ही म्हणत बसणार की बरोबर तर आहे सगळं. क्रोम तिथे एक छोटंसं आय अक्षराचं चिन्ह दाखवतो, त्यावर माउस नेला की हेच सांगतो, पण ते चिन्ह बघतो कोण. मी दोन दुपारी यात घालवल्यात.

काकांच्या बाबतीत तर लॉगचा उपयोगच नव्हता कारण लॉग येणार त्यांच्या फोनच्या कन्सोलमध्ये आणि फोनवर कन्सोल उघडायचं कुठनं.

मग आली क्रोमची डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमध्येच असलेली डिबगिंगची टूल्स. हे टूल शोधायला कुठे जायला लागत नाही, एफ १२ दाबलं की समोर, फुकट, आणि तरी मी इतकी वर्षं त्यातले दोनच टॅब वापरत होतो, एलिमेंट्स आणि कन्सोल. मुंबईतलं भाड्याचं घर म्हणजे फक्त स्वयंपाकघर असं समजून राहिल्यासारखं. जुन्या लोकांना फायरबग आठवत असेल, जो ह्युइट नावाच्या प्रोग्रामरनं २००६ च्या जानेवारीत फायरफॉक्ससाठी काढलेलं एक्स्टेन्शन (वरनं जोडायचा छोटा प्रोग्राम), त्याच्याआधी लोक अलर्टचे डबे उडवून डिबग करायचे. आज सगळ्या ब्राउझरमध्ये जे मिळतं त्याचा साचा बराचसा त्या फायरबगचाच. २०१७ मध्ये ते बंद झालं, मी कॉलेजात त्याच्यावरच शिकलो, तेव्हाही ब्रेकपॉइंट होता त्यात, मीच कधी हात लावला नव्हता.

ब्रेकपॉइंट म्हणजे काय तर सोर्सेस टॅबमध्ये आपली फाईल उघडायची, हव्या त्या ओळीच्या नंबरावर क्लिक करायचं, तिथे निळी खूण येते, आणि कोड त्या ओळीपाशी आला की अख्खं पान जागच्या जागी थांबतं. भरती-ओहोटीच्या मधे समुद्र थांबवून खडपातले कालवं बघितल्यासारखं. बाजूला स्कोप नावाच्या रकान्यात प्रत्येक व्हेरिएबलमध्ये (आकडा-मजकूर ठेवायच्या कप्प्यात) आत्ता काय आहे ते लिहिलेलं असतं, एफ १० नं एकेक ओळ पुढे, एफ ११ नं फंक्शनच्या (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) आत, एफ ८ नं जा बाबा सुटलास. (माझ्या लॅपटॉपवर एफ ११ दाबलं की ब्राइटनेस वाढायचा, आधी फंक्शन लॉक बंद करावं लागलं, कोणाला असं होत असेल तर तेच बघा.)

आता मुद्द्याचं, जे मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलं आणि ज्याबद्दल आपल्याकडे फार कोणी बोलत नाही, ते म्हणजे फोन केबलनं जोडून डिबग करणं. आपण बग शोधतो आपल्या लॅपटॉपवर आणि बग राहतो गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये, हे इतकं साधं मला काकांच्या ओटीवर बसल्यावर कळलं. गेलो लॅपटॉप घेऊन. त्यांच्या ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबर शोधायचा, त्यावर ७ वेळा टॅप करायचं, मग डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं. काही फोनवर तो बिल्ड नंबर भलत्याच नावाखाली लपवलेला असतो, शोधायला लागतो. काका बाजूला उभे राहून बघत होते की हा आपला फोन ७ वेळा कित्याक टोचतोय.

मग लॅपटॉपवर क्रोमच्या ॲड्रेसबारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि इन्स्पेक्ट असं टाकलं की जोडलेला फोन दिसायला पाहिजे. दिसेना. अर्धा तास गेला. केबल होती एसटी स्टँडजवळनं घेतलेली, ती फक्त चार्जिंगची निघाली, आत डेटाच्या वायरच नाहीत. शेजारच्या घरातनं कंपनीची केबल आणली, फोनवर परवानगीचा डबा आला, हो म्हटलं, आणि काकांच्या फोनवर उघडलेली साईट माझ्या लॅपटॉपवर हजर, फोनचा स्क्रीनसुद्धा बाजूला दिसतोय. टोटलच्या फंक्शनला ब्रेकपॉइंट लावला आणि काकांना म्हटलं आता भरा फॉर्म.

त्यांनी भरला, पान थांबलं, मी माउस संख्येच्या व्हेरिएबलवर नेला. आत होतं “१०”. मराठी एक, मराठी शून्य.

काकांच्या फोनवर कीबोर्ड मराठी, आकडेही मराठी, आणि माझी इनपुटची चौकट टेक्स्ट टाइपची, म्हणजे कुठलीही अक्षरं घेणारी, माझाच आळस. मजकुराचा आकडा करणारं जावास्क्रिप्टचं पार्सइंट काय किंवा नंबर काय, दोघांनाही इंग्रजी अंकच कळतात, रेग्युलर एक्सप्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) अंकांसाठीचा बॅकस्लॅश डी सुद्धा तेवढेच पकडतो. मराठी १० दिलं की हात वर. मी इतके दिवस लॅपटॉपवर इंग्रजी कीबोर्डनं टाइप करून ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणत होतो, चालणारच ना. हे लॉगनं जन्मात सापडलं नसतं असं नाही, पण तो लॉग मला फोनवर दिसायला तर हवा.

उपाय सोपा आहे, ज्यांच्या साईट मराठी लोक वापरतात त्यांनी आत्ताच करून ठेवा: आकडा वाचायच्या आधी रिप्लेसमध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक पकडायचे आणि प्रत्येकाच्या युनिकोड नंबरातनं (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला असतो तो) २४०६ वजा करायचे, कारण देवनागरी शून्याचा नंबर २४०६ आहे आणि पुढचे नऊ ओळीनं लागून आहेत. उरतो तो आपला साधा अंक.

हे केलं, खूश होऊन घरी आलो, कोकम सरबत घेतलं, आणि संध्याकाळी परत फोन, आता कार्टच्या पानावर नान. इथे मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, कंडिशनल ब्रेकपॉइंट. ओळीच्या नंबरावर राईट क्लिक करून अट लिहायची, मी लिहिलं की टोटल नान असेल तरच थांब. (नान आहे का हे बरोबरच्या चिन्हानं तपासू नका, नान स्वतःशीसुद्धा बरोबर नसतं, त्यासाठी नंबर डॉट इझनॅन आहे.) कार्टमध्ये सात-आठ प्रकार, प्रत्येकाला थांबत बसलो असतो तर रात्र झाली असती, हा बरोबर तिसऱ्या फेरीला थांबला. दुसरी, कॉल स्टॅक, म्हणजे या फंक्शनला कोणी बोलावलं, त्याला कोणी, त्याला कोणी, अशी उतरंड. ती धरून वर गेलो तर गुन्हेगार मीच. मराठी पानावर दर मराठीत दिसावेत म्हणून मी टूलोकेलस्ट्रिंगला, म्हणजे आकडा त्या त्या भाषेत मांडणाऱ्या फंक्शनला, मराठीचा कोड दिला होता, तो ३,५०० चे आकडे इमानदारीत देवनागरीत करून देतो, स्वल्पविरामासकट, आणि पुढच्या फंक्शनमध्ये मी शहाण्यासारखा तो दर स्क्रीनवरच्या मजकुरातनं परत वाचत होतो. इंग्रजी पानावर टेस्ट केलं म्हणून दिसलं नाही. दाखवायचा आकडा वेगळा आणि हिशोबाचा वेगळा ठेवायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, सांगितलं होतं, ऐकलं नव्हतं.

क्रोमला माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो यासाठी की चांगल्या गोष्टी लपवून ठेवल्यात. त्यातली एक सांगतो.

तारकर्लीच्या एका होमस्टेची बुकिंगची साईट, डिसेंबर, फुल सीझन. वहिनींचा फोन, आवाज चढलेला: “पावणे २३ क येतले म्हणान सुरमय आणून ठेवलंय, आणि कोणच इलो नाय!” पाहुणे आले २४ ला, त्यांनी बुक केलंच होतं २४ चं, त्यांच्या फोनवर कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट, त्यावर २४ डिसेंबर. वहिनींच्या यादीत २३. सुरमई तोवर शेजाऱ्यांनी खाल्लेली. (मलाही बोलावलं नाही, तो भाग वेगळा.)

इथे ब्रेकपॉइंटसुद्धा लागला नाही, साईट आणि सर्व्हरमध्ये काय जातं-येतं ते दाखवणारा नेटवर्क टॅब पुरला. फॉर्म सबमिट केला, जी रिक्वेस्ट गेली तिच्यावर क्लिक केलं, पेलोड, म्हणजे तिच्याबरोबर गेलेली माहिती, उघडला. स्क्रीनवर २४ आणि पेलोडमध्ये २३, एकाच वेळी, एकाच खिडकीत. कारण हे की मी तारीख बनवली ती आपल्या वेळेनं, २४ ची मध्यरात्र, आणि पाठवताना टूआयएसओस्ट्रिंग वापरलं जे सगळं यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, करून टाकतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपली २४ ची रात्री १२ ही तिकडे २३ ची संध्याकाळी साडेसहा. मी त्यातली पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून पाठवत होतो. खात्री करायला डेव्हटूल्सच्या तीन ठिपक्यांतनं मोअर टूल्स, तिथनं सेन्सर्स हा टॅब उघडला, त्यात तुम्ही कुठे बसलाय ते खोटं सांगता येतं आणि त्याबरोबर टाइमझोनही बदलतो. लंडन निवडलं, बग गायब, कारण डिसेंबरात लंडन आणि यूटीसी एकच. मुंबई निवडलं, बग परत. यादीत मुंबई आधीपासूनच आहे हे बघून बरं वाटलं. परदेशातल्या ट्युटोरियलवरनं उचललेला कोड तिकडे का चालतो आणि इकडे का नाही याचं उत्तर मला त्या एका ड्रॉपडाउननं दिलं. हा टॅब मेनूत इतका आत का ठेवलाय देव जाणे.

नेटवर्क टॅबमध्ये स्पीड कमी करून बघायची सोयही आहे, ३जी, स्लो ४जी, ऑफलाइन वगैरे, पण तिचा आपल्याकडे अर्धाच उपयोग. ती एकसारखी हळू असते हो. आपली रेंज एकसारखी हळू नसते, ती असते आणि नसते. घाटीवर चढलात की फुल, खाली उतरलात की बोंब, झावळ वायरवर पडली की ब्रॉडबँडही गेलं. मी हातानं ऑफलाइन-ऑनलाइन करत बसतो, त्यातनंच एक गोष्ट सापडली की बटण दाबून काही होत नाही म्हणून लोक दुसऱ्यांदा दाबतात आणि एकाच माणसाच्या दोन ऑर्डरी पडतात. पहिल्या क्लिकलाच बटण बंद करायला लागलो तेव्हापासून.

डेव्हटूल्सची भाषा मराठीही करता येते, सेटिंगमध्ये आहे. मी दोन दिवस ठेवली आणि परत इंग्रजीवर आलो, आपल्याला ब्रेकपॉइंटला ब्रेकपॉइंटच म्हणायची सवय, पण नवीन शिकणाऱ्यानं एकदा लावून बघावी.

फायरफॉक्सची टूल्सही चांगली आहेत आणि एका बाबतीत मला क्रोमपेक्षा जास्त आवडतात, नेटवर्कमध्ये गेलेली रिक्वेस्ट थोडी बदलून परत पाठवता येते, फॉर्म पुन्हा पुन्हा भरायला नको. इन्स्पेक्टरमध्ये ज्या बटणाला इव्हेंट लावलाय त्याच्या बाजूला तशी खूणही दिसते, ‘हे बटण दाबल्यावर नक्की काय होतं’ हा प्रश्न दहा सेकंदात सुटतो. पण माझी गिऱ्हाइकं फायरफॉक्स वापरत नाहीत त्यामुळे माझंही जाणं कमी. चार.

व्हीएस कोड, म्हणजे मी ज्यात कोड लिहितो तो एडिटर, त्यातला डिबगर मी उशिरा लावला. पूर्वी क्रोमसाठी वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागायचं, आता आतच आहे. नोडचा कोड, म्हणजे सर्व्हरवरचा, त्याच्यासाठी याला तोड नाही: जावास्क्रिप्ट डिबग टर्मिनल उघडायचं, त्यात नेहमीसारखा प्रोग्राम चालवायचा, ब्रेकपॉइंट आपोआप लागतात, ती लाँचची फाईल (डिबगर कसा सुरू करायचा ते सांगणारी) लिहीत बसायची गरज नाही जिच्या नादात मी आधी दोनदा सोडून दिलं होतं. लिहितो तिथेच थांबतो, तिथेच दुरुस्त करतो. पण क्रोम, व्हीएस कोड आणि लोकल सर्व्हर तिन्ही एकदम चालू केलं की माझा लॅपटॉप बोटीच्या इंजिनासारखा वाजतो आणि मे महिन्यात मांडीवर ठेवायची सोय नाही. १६ जीबीवाल्यांना साडेचार, मला साडेतीन.

एरर ट्रॅकिंगवाल्या सर्व्हिसेस, सेन्ट्री वगैरे, लोकांच्या ब्राउझरमध्ये एरर आला की तुम्हाला कळवतात, आणि सोर्स मॅप (मूळ कोडशी जोडणारी फाईल) चढवला असेल तर मिनिफाय केलेल्या, म्हणजे आवळून लहान केलेल्या, कोडमधलीसुद्धा मूळ ओळ दाखवतात. उत्तम आहे. फक्त वरचे माझे तिन्ही किस्से बघा, नान, मराठीत दर आणि २३ डिसेंबर, एकातही एरर आला नव्हता. सगळं नीट चालून चुकीचं उत्तर येत होतं, त्याला ती सर्व्हिस काय करणार. तीच गत एआयची, नान का येतं विचारल्यावर त्यानं मला सहा कारणं दिली, सहाही शक्य होती, काकांच्या कीबोर्डचं त्यात नव्हतं. त्याला काकांचा फोन दिसत नाही ना.

शेवटी आयफोन, आणि इथे माझी गाडी अडकलीय. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलात तरी आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट, आणि ते नीट डिबग करायचं तर केबल मॅकला जोडावी लागते. मॅक माझ्याकडे नाही. पर्याय म्हणून एरुडा लावलं, एका ओळीची स्क्रिप्ट आहे, पानावर एक छोटं चक्र येतं आणि ते दाबलं की फोनवरच कन्सोल, नेटवर्क, एलिमेंट्स सगळं उघडतं. ब्रेकपॉइंट मात्र नाही. कामाचं आहे, पण काम झाल्यावर काढायला विसरू नका, मी विसरलो आणि तारकर्लीच्या वहिनींनी विचारलं की साईटवर ह्यां चक्र कसला फिरता, पावण्यांनी दाबल्यान आणि सगळी इंग्रजी आकडेमोड बाहेर इली. आता ॲड्रेसमध्ये ठरावीक शब्द टाकला तरच ते लोड होतं असं केलंय.

तर सध्या परिस्थिती अशी की वहिनींच्या मुलीच्या आयफोनवर तारखेचं कॅलेंडर उघडलं की पान वर उडी मारतं, माझ्याकडच्या एकाही ॲन्ड्रॉइडवर होत नाही, एरुडात काही दिसत नाही, आणि गणपतीच्या सुट्ट्यांची बुकिंग सुरू व्हायला आलीय. कणकवली-मालवण बाजूला कोणाकडे जुना मॅक धूळ खात पडला असेल तर एक दिवसासाठी द्या, मी स्वतः येऊन घेऊन जातो. आंबा संपला, पण फणसाचे तळलेले गरे आहेत घरात. केबल माझ्याकडे आहे, डेटावाली.